ओडिसियसची दहा वर्षं

‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्यात ट्रॉयच्या युद्धाहून घरी, इथाकाला पोचायला ओडिसियसला दहा वर्षं लागली, हे खरं. पण तेवढा काळ तो समुद्रावरच भटकत होता, हा समज सोडून द्यावा. त्यांतली सात वर्षं तो अप्सरा कॅलिप्सोच्या बेटावर अडकून पडला होता आणि एक वर्ष जादूगारीण सर्सीच्या घरी पाहुणचार झोडण्यात गेलं. घरची आठवण शेवटी सोबत्यांनाच करून द्यावी लागली! अखेरचा टप्पा तर फिएशियन खलाशांनी एका रात्रीत पार केला, तोही नायक गाढ झोपेत असताना. एकडोळा पॉलिफिमस, सायरेन, बारांपैकी अकरा गलबतं बंदरातच दगडांनी फोडणारे लेस्ट्रिगोनियन, हे सगळं काव्याच्या ९ ते १२ या सर्गांत येतं. सांगणारा खुद्द ओडिसियस, थापा मारण्यात पटाईत. आणि साक्षीला सोबती एकही उरलेला नाही. – संपा.