सुप्याचा बाजार आणि कोर्टाचे समन्स

फराळाची ताटे मांडलेली असताना कोर्टाच्या बेलिफाचे नाव काढणे हे काही शुभ लक्षण नव्हे. पण वाचकांनी आज एवढे चालवून घ्यावे. आपल्या दख्खनच्या इतिहासातला एक मोठा उद्रेक या बेलिफाच्या हातातल्या कागदाशी जोडलेला आहे, आणि शाळेत दंग्याची सनावळी शिकवताना हा धागा हमखास सुटतो.

१२ मे १८७५ रोजी भिमथडी तालुक्यातल्या सुप्याला बाजार भरला होता. त्या दिवशी रयत सावकारांच्या दुकानांवर चालून गेली आणि खते, रोखे, वह्या बाहेर ओढून तिने त्यांची होळी केली. माणसांना इजा त्या मानाने फार थोडी झाली. राग होता तो कागदावर. त्याआधी डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावी कालूराम नावाच्या सावकाराने १५० रुपयांच्या कर्जापायी हुकूमनामा मिळवून बाबासाहेब देशमुखांचे घर पाडले होते. त्याची धग विझली नव्हती.

सरकारने चौकशी समिती नेमली. कापसाचे उतरलेले भाव, वाढलेला सारा, ही कारणे पुढे आलीच. पण कोर्टाचे दप्तरही उघडले गेले. सावकारांचे पुष्कळसे दावे एकतर्फी निकालात निघत होते. प्रतिवादी गैरहजर, सबब हुकूमनामा वादीला!

कूळ गैरहजर का राही? कोर्ट लांब, आणि पेरणी तोंडावर. कुणाला समन्स मिळालेलेच नसे, तरी त्यावर ‘बजावले’ असा शेरा पडलेला असे. कुणाला मिळे, पण ते वाचून दाखवणार कोण? आणि कित्येकांना वाटे, खताखाली निशाणी आपलीच आहे, तर साहेबापुढे जाऊन सांगायचे तरी काय?

सांगण्यासारखे मात्र पुष्कळ होते. १८५९ च्या कायद्याने साध्या खताची मुदत ३ वर्षांवर आणली होती. हेतू कुळाच्या हिताचा; घडले भलतेच. मुदत भरत आली की सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेई. मूळ उचल किती आणि आकडा फुगला कसा, हे वादी सांगणार नाही आणि कागद बोलणार नाही. ते जाणणारा माणूस एकच, आणि नेमका तोच कोर्टात नाही!

पेशवाईतल्या पंचायतीत निवाड्यापूर्वी दोन्ही पक्षांकडून राजीनामा आणि जामीन घेत. म्हणजे पंचांसमोर दोघे उभे राहिल्यावाचून गाडे हलत नसे. पण म्हणून त्या काळाला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. बोलावणे घेऊन येणाऱ्या शिपायाचा मसाला, म्हणजे त्याचा खर्च, ज्याला बोलावले त्याच्याच बोकांडी बसे; आणि सावकार दारात धरणे धरून तकाजा करी तो वेगळाच.

दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा १८७९ साली झाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या ४ जिल्ह्यांना लागू होता. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे त्याने बंद केले, हे पुष्कळांना माहीत असते. मला त्यातले दुसरेच कलम मोलाचे वाटते: कोर्टाने प्रतिवादीला साक्षीला बोलवून स्वतः विचारावे, विचारले नाही तर का नाही, ते लिहून ठेवावे. शिवाय खतावरचा आकडा प्रमाण न मानता मुळापासून हिशेब काढावा. या कायद्याखाली स्पेशल जज्ज म्हणून पुढे न्यायमूर्ती रानड्यांनी काम पाहिले.

समन्स रीतसर बजावले गेले नाही असे दाखवता आले, तर एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेता येतो, ही सोय १९०८ च्या दिवाणी संहितेतही आहे. प्रतिवादी घरी नसेल, तर समन्स घरातल्या जाणत्या माणसाकडे देता येते, नोकराकडे नाही. मात्र जाणते माणूस म्हणजे, मूळ शब्दांप्रमाणे, पुरुषच. घर, गोठा, देणेकरी सारे जिने सांभाळले, त्या घरधनिणीच्या हाती दिलेला कागद पोचला असे त्या कलमाने मानायला १९७६ ची दुरुस्ती यावी लागली.