वॉल्डनकाठच्या झोपडीचा जमाखर्च

तळ्याकाठी झोपडी बांधून एकटे राहावे, ही कल्पना मनात आली की हेन्री डेव्हिड थोरो आठवतोच. दुर्गा भागवतांच्या 'वॉल्डनकाठी विचारविहार' या अनुवादामुळे ते तळे मराठी वाचकाच्याही ओळखीचे झाले. त्या एकांताची पूर्वतयारी मात्र आपण क्वचितच बारकाईने वाचतो.

१८४५च्या मार्चअखेरीस थोरो मॅसॅच्युसेट्समधील काँकर्डजवळच्या त्या रानात गेला, तो उसनी कुऱ्हाड घेऊन. पुढे जिथे झोपडी उभी राहिली, ती जमीन इमर्सनची होती. पाइनची झाडे तोडून त्याने वासे घडवले. फळ्यांसाठी मात्र त्याने रेल्वेमार्गावर काम करणाऱ्या जेम्स कॉलिन्स या आयरिश माणसाचे खोपटे सव्वाचार डॉलरना विकत घेतले. दुसऱ्याच दिवशी सकाळी सहा वाजता ते कुटुंब त्याला वाटेत भेटले. सारा संसार एका गाठोड्यात होता. मांजर तेवढे मागे राहिले. ४ जुलैला थोरो आपल्या झोपडीत राहायला आला.

झोपडीची लांबी पंधरा फूट, रुंदी दहा फूट. खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. १८५४मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात खिळ्यांचाही हिशेब आहे. फळ्यांच्या रकमेपुढे त्या बहुतांशी खोपट्याच्या असल्याची नोंदही आहे. कॉलिन्स कुटुंब पुढे कोठे राहिले, हे मात्र तिथे नाही. थोरोने काही दडवलेले नाही. स्वावलंबनाची ही कथा उसनवारी आणि दुसऱ्याचे मोडलेले घर यांच्यासकटच त्याने सांगितली आहे. केवळ एकांत वेचून घेणारे वाचक आपण आहोत.