बैलांनी आधी सांगितलं होतं: फ्लोराईड, तूस आणि तुरटी



मागच्या उन्हाळ्यात पऱ्हाटीचा कोळसा करून बोअरचं पाणी त्यातून गाळलं. पाणी काचेसारखं नितळ आलं, घरचे खूश. मी मात्र गाळण्याआधीचं आणि नंतरचं असे दोन नमुने तपासायला दिले. फ्लोराईड जवळपास तेवढंच! असं का, हे शोधताना जुना इतिहास हाती लागला. तो आज लिहितो.

आपल्या देशात फ्लोराईडचा रोग नोंदला गेला 1937 साली, तेव्हाच्या मद्रास इलाख्यात, नेल्लोरकडे. डॉ. शॉर्ट आणि सहकाऱ्यांनी माणसांची हाडं कशी आखडतात ते लिहून ठेवलं. पण त्याआधीच तिथल्या शेतकऱ्यांना बैलांवरून संशय आला होता, असं सांगतात. सांधे धरलेले, पाऊल उचलेना. डॉक्टरांच्या आधी गोठ्यानं सांगितलं म्हणायचं.

कोळशाचा प्रयोगही जुनाच. 1934 साली अमेरिकेत मॅकी आणि जॉन्स्टन यांनी कोळशाची पूड वापरून पाहिली. फ्लोराईड निघालं, पण पाण्याचा पीएच 3 पर्यंत उतरवल्यावरच. इतकं आंबट पाणी पिणार कोण?

पुढे आपल्याकडे भाताच्या तुसावर काम झालं. तुसाचा कोळसा 1 टक्का कॉस्टिक पोटॅशमध्ये मुरवायचा, मग रात्रभर 2 टक्के तुरटीच्या पाण्यात भिजवायचा. तेव्हा कुठे तो साध्या पाण्यातलं फ्लोराईड धरू लागला. खरी पकड तुरटीतल्या ॲल्युमिनिअमची. तूस म्हणजे तिला बसायला दिलेली जागा. नागपूरच्या 'नीरी'नं नलगोंडा पद्धत काढली, त्यातही तुरटी आणि चुनाच आहे. माझ्या पऱ्हाटीत तुरटीच नव्हती, तर पकडणार कोण?

आता हिशोब बघा. असा तयार केलेला 1 किलो कोळसा साधारण 320 मिलिग्रॅम फ्लोराईड धरतो. पाण्यात लिटरला 4 मिलिग्रॅम असेल आणि 1 वर आणायचं असेल, तर लिटरमागे 3 काढायचे. म्हणजे शंभरेक लिटरला कोळसा भरला. प्यायला-रांधायला रोज 20 लिटर धरा, पाच दिवसांत खेळ खलास. मग परत तुरटीत भिजवा. कोळसा भरला हे डोळ्यांना दिसत नाही, चवीलाही कळत नाही, आणि घरातली लेकरं तेच पाणी पीत राहतात.

म्हणून सांगतो, कोणी "कोळशातून गाळा, फ्लोराईड जातं" म्हणालं तर दोन प्रश्न विचारा: त्यावर काय चढवलंय, आणि किती लिटरनंतर बदलायचं? पाणी उकळूनही फ्लोराईड जात नाही, उलट घट्ट होतं. आपल्याकडे मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम; दुसरी सोयच नसेल तर 1.5 पर्यंत.

मी सध्या प्यायला पावसाचं साठवलेलं पाणी वापरतो. तुरटीचा कोळसा करून बघणार आहे, पण तपासणीचा कागद हातात आल्याशिवाय त्यातला घोट लेकरांना देणार नाही.

तुमच्या बोअरचा आकडा किती? तपासला नसेल तर पेरणीआधी तपासून घ्या.