ख्याल : मनातला आणि मैफलीतला

सातवीच्या वर्गात मी फळ्यावर ‘खयाल’ लिहिलं आणि अर्थ विचारला. उर्दूवाली मुलं म्हणाली, विचार. मराठीवाली म्हणाली, गाणं. दोघंही बरोबर.

शब्द अरबीतून आला. मूळ अर्थ मनात उमटलेली प्रतिमा, कल्पना. फारसी-उर्दूत तो विचार झाला, पुढे काळजीही: आमच्या घरात आजही निघताना ‘खयाल रखना’ म्हणतात. मराठीत आला तेव्हा त्याची तबियत जरा रंगेल झाली. ‘ख्यालीखुशालीत पैसा उडवला’ म्हणजे मौजमजेत उडवला. आणि तीच ‘ख्यालीखुशाली’ पत्रातून विचारली की ती क्षेमकुशल होते. इंग्रजीतल्या ‘फंक’ची गोष्ट अशीच आहे. आधी भीती, उदासी, कुबट वास. मग अमेरिकेतल्या काळ्या वादकांनी तो शब्द उचलला आणि १९६०च्या दशकात जेम्स ब्राऊनच्या ठेक्यावर त्याचं संगीत झालं. मनःस्थितीचं नाव गाण्याला लागतं ते उगीच नाही.

गाण्याला ‘ख्याल’ म्हटलं, कारण धृपदाच्या मानाने इथे गायकाच्या कल्पनेला मोकळीक जास्त. बंदिश दोन-चार ओळींची, बाकी सगळं त्याच्या मनातलं. दिल्लीत मुहम्मदशाह रंगीलेच्या दरबारात नियामत खां ‘सदारंग’ यांनी तो रुजवला.

आपल्या भागात तो आला ग्वाल्हेरहून. हस्सू खां यांचे शिष्य वासुदेवबुवा जोशी, त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. मिरजेत बुवांकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. खांसाहेबांकडून ब्राह्मण बुवांकडे, मिरजेहून लाहोरला! ‘हे संगीत त्यांचं की आपलं’ असा वाद घालणाऱ्यांनी ही साखळी एकदा मोजावी. (वाद दोन्ही बाजूंनी ऐकलाय मी. आपल्यातही ‘गाणंबजावणं आपलं नव्हे’ म्हणणारे आहेतच.)

अब्दुल करीम खां मूळचे किराण्याचे, स्थायिक झाले मिरजेत. १९३७ साली पाँडिचेरीच्या रेल्वेप्रवासात तब्येत बिघडली, वाटेतल्या सिंगपेरुमल कोइल स्टेशनावर उतरले, तिथेच इंतकाल झाला. शेवटच्या घटकेला इबादत करत ते गात होते असं सांगतात. त्यांची कबर मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. उरुसात तिथे दरवर्षी संगीतसभा होते, नावाजलेले गवई हजेरी लावतात, आणि ऐकायला बसलेल्यांत टोपीवाले किती, टिळेवाले किती, हे रात्री दोन वाजता कुणी मोजत नाही. शिराळ्याहून मिरज फार लांब नाही. पुढच्या उरुसाला वर्ग घेऊन जायचा विचार आहे.