बेटकुळी आणि पंडित मधुसूदन

आज आधी एक छोटा प्रयोग करू. उजवा हात कोपरात काटकोनात वाकवा, तळवा जमिनीकडे. डाव्या हाताची बोटं उजव्या दंडावर, बेटकुळी येते तिथे ठेवा. आता तळवा जोर लावून आकाशाकडे फिरवा. बेटकुळी टणक झाली ना? कोपर तर तेवढंच वाकलेलं आहे.

कोपरात तीन हाडं भेटतात. वरून दंडाचं एक, खालून करंगळीच्या बाजूचं अल्ना आणि अंगठ्याच्या बाजूचं रेडियस. अल्ना बिजागरीसारखं उघडतं-मिटतं. रेडियस स्वतःभोवती फिरतं, म्हणून तळवा उलटासुलटा होतो. बेटकुळीचा स्नायू, म्हणजे बायसेप्स, खांद्यापासून निघून या रेडियसला जोडलेला असतो. त्यामुळे तो हात वाकवतोही आणि तळवाही फिरवतो. त्याच्याखाली दडलेला ब्रेकियालिस अल्नाला जोडलेला, त्याचं काम फक्त वाकवणं. मागचा ट्रायसेप्स हात सरळ करतो. कुठला स्नायू कुठल्या हाडाला धरून आहे, हे बाहेरून दिसत नाही. त्यासाठी मृत शरीर उघडावं लागतं. आणि इथे आपली गोष्ट कलकत्त्याला जाते.

आपल्याकडे हे ज्ञान नव्हतं असं नाही. सुश्रुताने कोपराला ‘कूर्पर’ म्हणून मर्मांत गणलं. तिथे इजा झाली तर हात अधू होतो, असं सांगितलं. प्रेत सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवून, मग कुंच्याने थर थर खरवडत आतलं पाहावं, अशी रीतही त्याने दिली. ग्रंथ आणि डोळा, दोन्ही हवेत, हा त्याचा आग्रह. पुढे ग्रंथ राहिला, प्रेताला हात लावणं मात्र विटाळ ठरलं.

१८३५ साली कलकत्ता मेडिकल कॉलेज सुरू झालं. मधुसूदन गुप्त हे वैद्य कुळातले, आधी संस्कृत कॉलेजात आयुर्वेद शिकवणारे पंडित. हूपरच्या शरीररचनेच्या इंग्रजी पुस्तकाचा संस्कृत अनुवादही त्यांनी केला. १८३६मध्ये ते प्राध्यापक गुडीव्ह यांच्या मागोमाग कॉलेजच्या आवारातल्या एका बाहेरच्या खोलीत गेले आणि त्यांनी मानवी प्रेतावर सुरी चालवली. विद्यार्थी दारात गर्दी करून पाहत होते. जात जाण्याची भीती खरी होती. हात एका पंडिताचा होता, म्हणूनच पोरांना पुढे यायचं बळ मिळालं, असं मला वाटतं.

त्या दिवशी फोर्ट विल्यममधून तोफांची सलामी झडली, असं सांगतात. मी आयुष्यभर फौजेत काढली. तोफेची सलामी कुणाला, किती, याचे नियम फार काटेकोर असतात. म्हणून ही मी आख्यायिकाच मानतो. मधुसूदनांच्या धैर्याला तोफांच्या साक्षीची गरजही नाही. (तोच किल्ला आता ‘विजय दुर्ग’ म्हणवतो, हे आपल्या सिंधुदुर्गकरांना आवडेल.)

ही वाट पुढे आपल्याकडेही आली. १८४५मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज उभं राहिलं आणि १८५१च्या पहिल्या पदवीधरांत डॉ. भाऊ दाजी लाड होते.

कोपर टेबलाच्या कडेला आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. तिथे एक नस हाडामागून, कातडीच्या अगदी जवळून जाते. कोपराचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला ती नेमकी कुठे आहे हे ठाऊक असावंच लागतं, नाहीतर बोटांतली ताकद जाते. तो हे शिकतो कुणाच्या तरी दान केलेल्या देहावर. ज्योती बसूंनी २०१०मध्ये कोलकात्यात आपला देह असाच दिला. मीही देहदानाचा अर्ज भरला आहे. घरच्यांशी बोलून ठेवलंय, कारण ऐन वेळी निर्णय त्यांच्याच हाती असतो. तुम्हीही घरी हा विषय काढून पाहा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.