स्कीची लांबी

स्कीची लांबी म्हणजे स्कीच्या पुढील टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंतचे अंतर होय. हे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजतात आणि ते बहुधा स्कीच्या वरच्या पृष्ठभागावर छापलेले असते. वेग, स्थैर्य, वळण्यातील सुलभता आणि मऊ हिमावर तरंगण्याची क्षमता या चारही गोष्टींवर लांबीचा परिणाम होतो. प्रस्तुत लेख उतारावरील, म्हणजे आल्पाइन, स्कीइंगपुरता मर्यादित आहे. सपाट प्रदेशातील क्रॉस-कंट्री स्कीइंगचे निकष वेगळे असतात.

एकाच दिवसात दाबून सपाट केलेली वाट, ताजे भुसभुशीत हिम, गोठलेला कठीण पृष्ठभाग आणि झाडी अशा निरनिराळ्या भूभागांतून जायचे असल्यास लांबीची निवड अवघड होते. एका परिस्थितीत उपकारक ठरणारी लांबी दुसऱ्या परिस्थितीत अडचणीची ठरते. त्यामुळे अशा मिश्र हिमासाठी निवडलेली लांबी ही नेहमीच तडजोड असते.

मोजमाप व संज्ञा

स्कीवर छापलेली लांबी सर्व उत्पादक एकाच पद्धतीने मोजत नाहीत. काही जण दोन टोकांमधील सरळ रेषेतील अंतर देतात, तर काही जण तळाच्या वक्राला धरून मोजतात. त्यामुळे एकच आकडा छापलेल्या दोन स्की शेजारी उभ्या केल्यास एखाद-दुसऱ्या सेंटिमीटरचा फरक दिसू शकतो.

प्रत्यक्ष वापरात छापील लांबीपेक्षा परिणामकारक कडेची लांबी अधिक महत्त्वाची असते. स्की कडेवर तिरकी केली असता कडेचा जेवढा भाग हिमात रुततो, त्याला परिणामकारक कड म्हणतात. ही कड किती लांब असेल, हे स्कीच्या बाजूने दिसणाऱ्या आकारावर ठरते. सपाट जमिनीवर ठेवलेल्या पारंपरिक स्कीचा मधला भाग किंचित उचललेला असतो. या आकाराला कमान म्हणतात. ज्या स्कीचे पुढील टोक, आणि काही वेळा शेपूटही, लवकर व अधिक लांबीपर्यंत वर वळलेले असते, तिला रॉकर स्की म्हणतात. रॉकर स्कीचा बराच भाग कठीण हिमावर टेकत नाही. म्हणून १८० सेंमीची रॉकर स्की घट्ट वाटेवर प्रत्यक्षात तिच्याहून आखूड असल्यासारखी वागते. रॉकर स्की घेताना कमानीच्या स्कीपेक्षा ५ ते १० सेंमी अधिक लांबी घेण्याचा प्रघात यातूनच पडला.

स्कीच्या मधल्या, सर्वांत अरुंद भागाच्या रुंदीला कंबर म्हणतात आणि ती मिलिमीटरमध्ये मोजतात. टोक व शेपूट रुंद आणि कंबर अरुंद असल्यामुळे स्कीची बाजू वर्तुळाच्या तुकड्यासारखी दिसते. त्या वर्तुळाच्या त्रिज्येला वळणत्रिज्या म्हणतात.

इतिहास

स्कँडिनेव्हियात पूर्वी दोन्ही पायांत वेगवेगळ्या लांबीच्या स्की बांधण्याची पद्धत होती. घसरण्यासाठी एका पायात लांब स्की आणि रेटा देण्यासाठी दुसऱ्या पायात कातडे लावलेली आखूड स्की वापरत. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेच्या टेलेमार्क भागातील सोंद्रे नोरहाइम यांनी कंबर असलेल्या स्कीला लोकप्रियता मिळवून दिली. १८९० च्या दशकात ऑस्ट्रियाच्या माथियास झदार्स्की यांनी आल्प्सच्या तीव्र उतारांसाठी लांब नॉर्वेजियन स्की आखूड करून वापरल्या. मोकळ्या टेकड्यांवर चालणारी लांबी अरुंद, तीव्र उतारांवर चालत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

विसाव्या शतकाचा बराच काळ मात्र लांब स्की हेच कौशल्याचे लक्षण मानले गेले. हात वर करून मनगटापर्यंत किंवा तळव्यापर्यंत पोहोचेल एवढी स्की घ्यावी, असा तेव्हाचा लोकप्रिय नियम होता. या नियमाला १९६० च्या दशकात अमेरिकेत क्लिफ टेलर यांनी छेद दिला. नवशिक्यांना अतिशय आखूड स्कीवर सुरुवात करू द्यावी आणि कौशल्य वाढेल तशी लांबी वाढवावी, अशी त्यांची क्रमवार पद्धत होती.

खरा बदल १९९० च्या दशकात झाला. स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने खोल कंबरेची स्की बाजारात आणली आणि थोड्याच वर्षांत इतर कंपन्यांनी तिचे अनुकरण केले. ही स्की कडेवर तिरकी करताच आपोआप वळू लागे. त्यामुळे वळणासाठी जी पकड पूर्वी लांब कडेतून मिळवावी लागे, ती आखूड स्कीतूनही मिळू लागली. दोन मीटरच्या आसपास असलेली सर्वसाधारण प्रौढ पुरुषाची स्की त्यानंतर १६० ते १८० सेंमीपर्यंत खाली आली. पुढे २००२ मध्ये शेन मॅककॉन्की यांच्या कल्पनेतून व्होलांट कंपनीची स्पॅच्युला ही उलट्या कमानीची रुंद स्की आली. तिच्यामुळे खोल हिमासाठीच्या स्कींचा आकार बदलला आणि रॉकर सर्वसामान्य स्कींतही रुळला.

लांबी व रुंदी यांचे कार्य

खोल हिमात जायचे तर लांब स्की घ्यावी, असे सर्रास सांगितले जाते. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. हिमावर तरंगणे हे मुख्यतः तळाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. साहित्यासह ८५ किलो वजनाचा मनुष्य बूट घालून हिमात उभा राहिला, तर दोन्ही तळव्यांच्या सुमारे ६०० चौरस सेंटिमीटरवर त्याचा भार येतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण १४० ग्रॅम भार पडतो. १७० सेंमी लांब आणि सरासरी १० सेंमी रुंद अशा दोन स्कींवर उभा राहिल्यास हाच भार २५ ग्रॅमपर्यंत उतरतो.

या स्कीची लांबी १० सेंमीने वाढवली, तर क्षेत्रफळ सुमारे ६ टक्क्यांनी वाढते. लांबी तेवढीच ठेवून सरासरी रुंदी २ सेंमीने वाढवली, तर क्षेत्रफळ २० टक्क्यांनी वाढते. तरंगण्याची गरज रुंदीतून अधिक स्वस्तात भागते, तर लांबी प्रामुख्याने स्थैर्यासाठी उपयोगी पडते. वेगात जाताना तुडवलेल्या हिमाचे ढीग पार करणे, पुढे कोसळण्यापासून तोल सावरणे आणि कडेची पकड टिकवणे ही कामे लांबी करते.

लांबीची किंमत वळणात मोजावी लागते. वळणत्रिज्या ही कडेच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. उदाहरणार्थ, टोक १३० मिमी, कंबर ९० मिमी आणि शेपूट ११४ मिमी असलेल्या स्कीची कड १५० सेंमी असेल, तर तिची वळणत्रिज्या सुमारे १७.६ मीटर येते. रुंदी तीच ठेवून कड १६० सेंमी केली, तर त्रिज्या २० मीटर होते. शिवाय स्कीची टोके पायापासून दूर गेल्यामुळे झाडीत किंवा हिमाच्या उंचवट्यांमध्ये जागच्या जागी स्की फिरवण्यास अधिक जोर लागतो.

निवडीचे निकष

उंची. प्रौढांसाठी हनुवटीपासून डोक्याच्या वरपर्यंतची लांबी हा रूढ पट्टा आहे. नवशिक्यांसाठी हनुवटी ते ओठ, मध्यम कौशल्याच्या स्कीपटूंसाठी नाक ते कपाळ आणि निष्णातांसाठी उंचीएवढी किंवा तिच्याहून थोडी अधिक लांबी सुचवली जाते.

वजन. उंची मोजायला सोपी असल्यामुळे दुकानात तिच्यावरच भर दिला जातो. स्की वाकते ती मात्र वजनाने. एकाच प्रतिमानातील लांब स्की सहसा अधिक ताठ असते. त्यामुळे सडपातळ व्यक्तीला केवळ उंचीवरून दिलेली लांब स्की वाकत नाही आणि म्हणून वळतही नाही. याउलट ठेंगण्या पण वजनदार व्यक्तीखाली आखूड स्की वेगात थरथरते. उंची व वजन यांचे निष्कर्ष जुळत नसतील, तर वजनाला प्राधान्य देणे योग्य ठरते.

कौशल्य व वेग. सावकाश जाणाऱ्याला लांबीतून मिळणाऱ्या स्थैर्याची गरज कमी असते आणि सुलभ वळणाची गरज अधिक.

चढाई. स्कीवरूनच डोंगर चढणारे स्कीपटू वजन वाचवण्यासाठी आणि तीव्र उतारावर दिशा बदलणे सोपे जावे म्हणून साधारण ५ सेंमी आखूड स्की पसंत करतात.

मुले. मुलांसाठी छाती ते हनुवटी एवढी लांबी पुरते. वाढत्या अंगाचे कपडे घ्यावेत त्याप्रमाणे मोठी स्की घेण्याचा मोह येथे घातक ठरतो. सदरा सैल असला तरी चालतो, पण न वळणारी स्की मुलाला थांबूही देत नाही.

हिमाचे प्रकार

दाबून सपाट केलेली वाट: ८० मिमीपेक्षा कमी कंबर आणि कमानीची स्की येथे उत्तम. लांबी हनुवटी ते कपाळाच्या दरम्यान पुरेशी असते.

खोल ताजे हिम: १०५ मिमीहून अधिक कंबर आणि रॉकर असलेली, उंचीएवढी किंवा ५ ते १० सेंमी अधिक लांबीची स्की वापरतात.

तुडवलेले, ढेकळांचे हिम: स्थैर्य महत्त्वाचे असल्यामुळे पट्ट्यातील वरची लांबी उपयोगी पडते.

पापुद्रा धरलेले हिम: वरचा थर कधी वजन पेलतो, कधी फुटतो. फार आखूड स्कीचे टोक थराखाली अडकते, तर फार लांब स्की थरातून बाहेर काढून वळवणे कठीण जाते. टोकाला रॉकर असलेली मध्यम लांबी येथे सोयीची असते.

उंचवटे व झाडी: आखूड स्की सोयीची ठरते.

मिश्र हिमासाठीची निवड

मिश्र वापरासाठीच्या स्कींची कंबर साधारण ८५ ते १०० मिमी असते. तिच्या निवडीत हिमाचा विचार प्रथम रुंदीतून आणि आकारातून करावा व लांबी वजन आणि कौशल्य यांवरून ठरवावी, हा क्रम उपयुक्त ठरतो. खोल हिमाच्या एखाद्या दिवसाच्या आशेने लांबी वाढवली, तर उरलेले सर्व दिवस ती गैरसोय सोसावी लागते.

उदाहरणादाखल, १७२ सेंमी उंची, ७४ किलो वजन आणि मध्यम कौशल्य असलेली व्यक्ती घेतली, तर तिचा पट्टा साधारण १६० ते १७२ सेंमी असा निघतो. ९५ मिमी कंबरेची, टोकाला रॉकर असलेली एखादी स्की १६४ आणि १७२ सेंमीत मिळत असेल, तर दोन्ही लांबी नियमात बसतात. अशा वेळी त्या व्यक्तीचा तोल कोणत्या ठिकाणी जातो, हा प्रश्न निर्णायक ठरतो. अरुंद जागी वळण वेळेवर पूर्ण होत नसेल, तर १६४ योग्य. मोकळ्या, तुडवलेल्या उतारावर स्की हेलकावत असेल, तर १७२ योग्य.

सुरक्षितता

चुकीच्या लांबीची झळ प्रथम गुडघ्याला बसते. मागे रेलून पडताना उताराकडील स्कीच्या शेपटीची आतली कड हिमात रुतते, शेपूट तरफेसारखी काम करते आणि गुडघा पिळवटून त्याच्या आतील अस्थिबंध तुटू शकतो. अमेरिकेतील कार्ल एटलिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रकाराचे वर्णन केले आहे. न पेलणाऱ्या लांब किंवा ताठ स्कीवर भयामुळे मागे रेलण्याची प्रवृत्ती वाढते आणि अशा पडण्याला निमंत्रण मिळते.

बूट स्कीला जोडणारे बाइंडिंग ठरावीक जोर पडताच सुटते. त्याची मांडणी वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळाची लांबी यांवरून करतात. ५० वर्षे व त्याहून अधिक वयासाठी ते लवकर सुटेल असे ठेवतात. त्या कोष्टकात स्कीच्या लांबीला स्थान नसते. त्यामुळे लांबीची चूक बाइंडिंगच्या मांडणीतून दुरुस्त होत नाही.

स्पर्धांमधील नियम

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या सर्वोच्च स्तरावरील स्पर्धांत किमान लांबी ठरवलेली असते. स्लॅलममध्ये ती पुरुषांसाठी १६५ व महिलांसाठी १५५ सेंमी आहे. जायंट स्लॅलममध्ये ती अनुक्रमे १९३ व १८८ सेंमी, तर डाउनहिलमध्ये २१८ व २१० सेंमी आहे. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचे एकमेव प्रतिनिधी असलेले काश्मीरचे आरिफ खान स्लॅलम व जायंट स्लॅलम या दोन्ही प्रकारांत उतरले होते. या दोन प्रकारांच्या पुरुषांच्या किमान लांबीतच २८ सेंमीचा फरक आहे. काम बदलले की त्याच व्यक्तीची लांबीही बदलते, याचे हे स्पष्ट उदाहरण होय.

भारतातील स्थिती

भारतात मिश्र हिमाचा प्रश्न जम्मू-काश्मीरमधील गुलमर्ग येथे ठळकपणे दिसतो. सुमारे २,६५० मीटर उंचीवरील गुलमर्गच्या कुरणात नवशिक्यांसाठी सौम्य उतार आहेत. तेथून गोंडोला दोन टप्प्यांत कोंगदूरीमार्गे अफरवत पर्वताच्या खांद्यावर, जवळपास ३,९५० मीटरपर्यंत नेतो. वरच्या टप्प्यात मोकळे, न दाबलेले हिम आणि हिमस्खलनाचा धोका असलेले उतार आहेत, तर खाली उतरताना झाडी लागते. उन्हाकडील उतारांवर दुपारी वितळलेले हिम रात्री गोठून कवच धरते. म्हणजे एका उतरणीत वर वर्णिलेले बहुतेक सर्व प्रकार भेटू शकतात. कुरणात शिकण्यासाठी दिलेली आखूड, अरुंद स्की अफरवतच्या खोल हिमात बुडते आणि वरच्या उतारांसाठीची लांब, रुंद स्की कुरणात नवशिक्याला जड जाते. उत्तराखंडमधील औली येथील शिकाऊ उतारांसाठी हनुवटीपर्यंतची स्की पुरेशी ठरते.

महाराष्ट्रात हिमवर्षाव होत नसल्यामुळे तेथून या ठिकाणी शिकायला जाणारे लोक सहसा भाड्याच्या स्कीवर अवलंबून असतात. भाड्याच्या स्कीचा एक लाभ असा, की पहिल्या दिवसानंतर लांबी बदलून पाहता येते. त्यासाठी दुकानात उंचीबरोबर खरे वजन आणि खरे कौशल्य सांगणे आवश्यक असते. संकोचाने वजन कमी किंवा अभिमानाने कौशल्य अधिक सांगितल्यास लांबी आणि बाइंडिंग या दोन्हींची निवड चुकते.

हेही पाहा

स्कीइंग
आल्पाइन स्कीइंग
गुलमर्ग
औली
हिमस्खलन
हिवाळी ऑलिंपिक