हौदा, गादी आणि रिंग

खासबागेत शिरा. साल 1912 आहे, मैदान नवंकोरं आहे. चारी बाजूंनी बसलेली माणसं उतरत उतरत थेट मधल्या हौद्यापर्यंत आली आहेत. दहा वर्षांपूर्वी एडवर्ड बादशहाच्या राज्याभिषेकासाठी शाहू महाराज विलायतेला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचं पुरातन क्रीडागार पाहिलं आणि तसंच काही आपल्या पैलवानांसाठी कोल्हापुरात उभं केलं. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही डाव दिसावा, असा हा उतार आहे.

तुम्ही काठावर बसा आणि मूठभर माती उचला. तांबडी, मऊ, किंचित तेलकट. ताक, लिंबू, तेल, हळद आणि काव तिच्यात मुरलेली आहे. हलगी कडाडते, शड्डू घुमतो. सलामी झाल्यावर एक पैलवान खाली वाकतो, माती घेतो आणि समोरच्याच्या मानेवर, खांद्यावर चोळतो. समोरचाही तेच करतो. घाम टिपला जावा, हात निसटू नये, पकड दोघांनाही मिळावी म्हणून. घड्याळ नाही, गुण नाहीत. पाठ लागली की निकाल. तोवर कितीही वेळ लागो.

आता दोन वर्षं मागं, 1910च्या सप्टेंबरात लंडनला चला. इथं माती नाही, गादी आहे. गामा पैलवानासमोर पोलंडचा झ्बिस्को पोटावर पालथा पडून राहिला आहे आणि अडीच तास उलटले तरी उठायचं नाव घेत नाही. कुस्ती बरोबरीत सुटते. हेच दोघं 1928 साली पतियाळात मातीवर भिडले, तेव्हा गामानं मिनिटाच्या आत निकाल लावला. माणसं तीच, जमीन वेगळी. मला यातून एकच दिसतं: डाव पैलवान टाकतो, पण कुठला डाव चालणार हे पायाखालची जमीन आणि नियम ठरवतात.

लंडनमध्येच थांबा, फक्त साल 1948 करा. ऑलिंपिकच्या गादीवर राजाराम कॉलेजचा एक विद्यार्थी उभा आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. येण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचललाय. त्यांच्या तळव्यांकडे बघा. आयुष्यभर मातीत रुतलेले हे पाय गादीवर आधार शोधताहेत. अंगावर चोळायला माती नाही, नियम परके आहेत. तरी ते सहावे येतात. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकानं त्यांना गादीची रीत शिकवली आहे.

चार वर्षांनी हेलसिंकीत हे शिकणं कामाला येतं. या प्रवासासाठी कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले आहेत. 57 किलो गटात खाशाबा कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवतात. त्यांचा हुकमी डाव ढाक: मानेला हाताचा विळखा, कंबर आत, आणि पाठीवरून फेक. हा डाव आपल्या मातीत घोटलेला, आता गादीवर बसवलेला. मग जपानच्या शोहाची इशीशी ते गुणांवर हरतात आणि विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभं राहावं लागतं. पदक कांस्य. सुवर्ण जिंकलेला इशी मुळात ज्युदोचा. युद्धानंतर ज्युदोवर बंदी आली म्हणून तो कुस्तीकडे वळला होता. म्हणजे त्या दिवशी दोन जुन्या विद्या तिसऱ्याच जमिनीवर एकमेकींना भिडल्या.

जपानमध्ये या सुमाराला आणखी एक विद्या, कराटे, कूस बदलत होती. 1964 साली कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीचे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर ऑलिंपिकसाठी टोकियोत आहेत. त्या काळी तिथल्या बऱ्याच कराटे लढतींत ठोसा अंगाला लागण्याआधीच थांबवतात. यामादा तात्सुओ नावाच्या कराटेवाल्याला हे पटेना. खरा मार बसेल अशा लढतीचा आराखडा त्यानं 1959 सालीच मांडला होता. नोगुची ओसामू हा बॉक्सिंगच्या लढती भरवणारा. त्यानं थायलंडचं मुए थाई पाहिलं होतं. 1966 साली ओसाकात त्याची पहिली किकबॉक्सिंग लढत होते, तिथं पुढच्या रांगेत बसा. लाथ कराटेची आणि थायलंडची, ग्लोव्ह, रिंग आणि फेऱ्या बॉक्सिंगच्या. कराटेत कंबरेशी खेचलेली मूठ आता हनुवटीशी आली आहे, कारण समोरून ठोसा खरोखर येतोय.

अमेरिकेतही 1974पासून कराटेवाले ग्लोव्ह घालून रिंगणात उतरले. तिथं लवकरच पंचाईत झाली. लोक लाथा सोडून नुसते ठोसेच मारू लागले, तेव्हा प्रत्येक फेरीत कंबरेच्या वर किमान आठ लाथा मारल्याच पाहिजेत, असा नियम करावा लागला. हा नियम मला फार मोलाचा वाटतो. नवी जमीन आली की जुनी विद्या आपोआप टिकत नाही, ती मुद्दाम जपावी लागते.

आता आजच्या कोल्हापुरात या. गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग या तालमी फिरा. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग आहेत. दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात आणि मानाची गदा त्यातल्या एकाला मिळते. याहून शहाणी वाटणी मला ठाऊक नाही. पण ती वरच्या पायरीवर आहे, ती खालपर्यंत यायला हवी. गादी महाग आहे, हे खरं. तरी पोरगं तालमीत घालणाऱ्या प्रत्येक आईबापानं वस्तादांना गादीबद्दल विचारावं, आणि गावानं वर्गणी काढताना लक्षात ठेवावं: खाशाबांना गादी बाविसाव्या वर्षी भेटली. तुमच्या पोराला ती दहाव्या वर्षी मिळू द्या, आणि तिच्यासाठी जागा करताना हौदा बुजवू नका.